गणपूर्तीअभावी तहकूब
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, कामण, डिसेंबर २०२५ : भाषणाचा मजकूर)



निवेदकाने माझी ओळख 'माजी ग्रामपंचायत सदस्या' अशी करून दिली. इथे आपण सगळेच माजी आहोत, त्यात विशेष काही नाही. पण माझं माजी होणं जरा वेगळं. मी पडले नाही, मुदतही संपली नव्हती. माझी ग्रामपंचायतच माजी झाली. त्याबद्दलच दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलंय. सध्या आचारसंहिता आहे, महापालिकेचे अर्ज भरणं चालू आहे, त्यामुळे एकही इच्छुक आज स्टेजवर नाही. कित्येक वर्षांनी आपल्याकडे हार-तुरे लवकर आटोपले ते त्यामुळेच.

सर, तुम्ही आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचात. परीक्षा जवळ आली की आम्ही आधी तेच सोडून द्यायचो, कारण इतिहास-भूगोल केला की पास होता येतं हे आम्हाला माहीत होतं. ग्रामसभेचा धडा मी तेव्हा वाचलाच नव्हता. तो मी वाचला २००७ ला, निवडून आल्यावर, मुलाच्या पुस्तकातून.

लग्न होऊन मी लांब गेले नाही. डोंगराच्या कडेचंच गाव, नाव घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. महिला राखीव जागा निघाली आणि दिरांनी अर्ज आणून पुढे ठेवला. पहिले सहा महिने मी सही सोडून काही केलं नाही. पण माझ्या वॉर्डात मतदार होते काही शे. बोअरिंग बंद पडली की बायका हंडा घेऊन थेट माझ्या ओट्यावर यायच्या. 'वहिनी, तुमच्याकडे पाणी आहे ना, मग आमच्याकडे का नाही?' याला उत्तर द्यावंच लागायचं. त्या ओट्यानेच मला सदस्य केलं.

आता एक गोष्ट सांगते. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

२००८ चा पावसाळा संपत आला होता. रस्त्याकडेच्या खालच्या शेतांत भराव घालून गाळे बांधायचा विषय ग्रामसभेपुढे आला. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. त्या दिवशी चाळीसही माणसं नव्हती. कुणी लावणीला नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, येतं कोण? सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. नियमच तसा आहे. पुढच्या वेळी आम्ही अकराजण होतो. ना हरकतीचा ठराव वाचला गेला, हात वर झाले, त्यात माझाही होता. त्या भरावाखाली एक मोरी होती. डोंगराचं पाणी तिच्यातून खाडीकडे जायचं. ती मोरी मला माहीत होती. शाळेत येताना आपण सगळे तिथे चपला हातात घ्यायचो.

माझ्यावर कुणी दबाव आणला नाही. गाळे आले तर गावातल्या पोरांना काम मिळेल, घरपट्टी वाढेल, असं मला खरंच वाटलं. काही पोरांना मिळालंही. पण 'आपली ग्रामपंचायत असती तर हे झालं नसतं' असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते ती यामुळे.

मग ३ जुलै २००९ आला. वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. पुढचं तुम्ही पाहिलंय. मोर्चे निघाले, गाव बचाव आंदोलन पेटलं, त्याच लाटेवर ऑक्टोबरमध्ये विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून आमदार झाले. त्याच्या वीसेक वर्षं आधी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी माणसं रस्त्यावर आणली होती. तेव्हा आपल्या पूर्व पट्ट्यात आपण काय म्हणायचो? हा पश्चिमेच्या केळीच्या वाड्यांचा प्रश्न आहे, आपल्याकडे नुसता भात, आपल्याला कोण विचारतो! मीही हेच म्हणायचे. बिल्डर डोंगरापर्यंत येणार नाही असं वाटायचं. इमारतींच्या आधी कंटेनर आले. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावरून आज शाळेत मूल पाठवायचं म्हणजे काय, ते इथल्या बाईंना विचारा.

आपल्या वर्गातले दोघं त्या २००९ पासून एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही आज सभागृहात आहेत. एक खिडकीजवळ, एक पंख्याखाली. नावं घेत नाही, पण तुमच्या माना तिकडे वळल्याच. एक गावांच्या बाजूने मोर्चात होता. दुसऱ्याने जमीन गाळ्यांना दिली आणि महापालिका हवी म्हणाला. दोघांचं म्हणणं मी माझ्या ओट्यावर ऐकलेलं आहे. पहिला म्हणायचा, शहरात गेलो की रोजगार हमी जाणार, कर वाढणार, आणि शेताचं काय करायचं ते कुणी लांबचा माणूस ठरवणार. दुसरा म्हणायचा, भातशेतीत लावणीची मजुरी सुटत नाही, मुलीचं शिक्षण त्या बांधावर होणार आहे का? पाणी, गटार, दवाखाना ग्रामपंचायत कुठून आणणार? मला दोघांचंही पटायचं, म्हणून दोघंही माझ्यावर नाराज.

मे २०११ मध्ये शासनाने ५३ पैकी २९ गावं वगळायची अधिसूचना काढली, त्यात आपलं कामणही होतं. खिडकीजवळच्याने पेढे वाटले. महापालिका उच्च न्यायालयात गेली, स्थगिती आली, आणि गावं होती तिथेच राहिली. तब्बल बारा-तेरा वर्षं! फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने ती गावं महापालिकेतच ठेवायची अधिसूचना काढली, तेव्हा पेढे कुणीच वाटले नाहीत. तोवर ज्या मुलांनी मोर्चात घोषणा दिल्या होत्या त्यांची मुलं शाळेत जायला लागली होती.

आता मला पडलेला प्रश्न. पोमण शेजारीच आहे. ते ग्रामपंचायतीतच राहिलं, आणि गाळे तिकडेही आहेत. म्हणजे पाटी बदलल्याने भराव थांबत नाही आणि येतही नाही. मग आपण गमावलं ते नेमकं काय?

मी थोडा हिशोब केलाय. गणित माझं कच्चं, तपासून घ्या सर. २०१० ला महापालिकेत ८९ जागा होत्या, २०१५ ला ११५. त्या वेळी एका वॉर्डात एक नगरसेवक. ११५ पैकी १०६ जागा एकट्या बहुजन विकास आघाडीच्या. कुणाला ते आवडलं, कुणाला नाही, पण आपला माणूस कोण ते निदान माहीत होतं. जून २०२० मध्ये मुदत संपली. आधी करोना, मग प्रभागरचना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला. सर्वोच्च न्यायालयाने या मे महिन्यात आदेश दिला, नंतर ३१ जानेवारीपर्यंत मुदत वाढवली, तेव्हा कुठे १५ जानेवारीला मतदान ठरलं. साडेपाच वर्षं प्रशासक. आणि आता २९ प्रभाग, बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. तोच जुना आकडा धरला तरी चौघांच्या एका प्रभागाला चाळीस हजारांवर माणसं. माझ्या ओट्यावर काही शे होती.

या साडेपाच वर्षांत कचऱ्याची गाडी आली, दिवे लागले, हे मी नाकारत नाही. पण २०१८ च्या जुलैत वसई बुडाली तेव्हापासून आमच्या मोरीपाशी दर पावसाळ्यात पाणी साचतं. मोरी आहे, पण बुजलेली. मी अर्ज घेऊन गेले. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहाही दिला. पुढच्या पावसाळ्यात गेले तर त्यांची बदली झाली होती. नव्या साहेबांनीही नीट ऐकलं. पण त्यांच्या ओट्यावर कुणी हंडा घेऊन जाऊ शकत नाही. त्यांना पुन्हा आपल्या दारात मत मागायला यायचं नसतं.

महापालिकेच्या कायद्यात 'क्षेत्र सभा' म्हणून तरतूद आहे. आपल्या मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांनी बसायचं, कामं सुचवायची, कुठलं आधी ते ठरवायचं. म्हणजे जवळपास आपली ग्रामसभाच. तुमच्यापैकी कुणी तिला गेलंय? हात वर करा. ... एकही नाही. मीही नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना आपल्याला बोलावणं यायचं, तेव्हाही आपण जात नव्हतो. चाळीसजणही जमत नव्हते. खिडकीजवळच्या माझ्या मित्रा, त्या २००८ च्या सभेला तूही आला नव्हतास. मी हजेरीचं रजिस्टर पाहिलंय. आणि पंख्याखालच्या माझ्या मित्रा, तू आला होतास, कारण जमीन तुझी होती.

सर हसतायत. हसा सर, पण त्या रजिस्टरमध्ये अकरावी सही माझी आहे.

मी दोन कागद आणलेत. पहिला, १६ जानेवारीच्या निकालानंतर आपल्या प्रभागात जे निवडून येतील, पक्ष कुठलाही असो, त्यांच्याकडे मार्चच्या आत क्षेत्र सभा बोलावण्याची मागणी. दुसरा, त्या मोरीचा. पावसाळ्याआधी ती उकरून मोकळी करायची आहे. मोरीच्या वरच्या अंगाला खिडकीजवळच्याचं शेत आहे. अजून भात लावतो तो, दर वर्षी अर्धा सडतो. खालच्या अंगाला पंख्याखालच्याचा गाळा आहे आणि उकरायचं तर त्याच्या कुंपणाच्या आतून जावं लागणार. म्हणून या कागदावर दोघांची सही लागते, एकाची चालत नाही. मी ठराव केला तेव्हा मोरीचा उल्लेख कुठेच नव्हता. या अर्जात पहिल्याच ओळीत आहे, आणि तो ठराव मंजूर करणाऱ्यांत मी होते हेही लिहिलंय.

कागद त्या दाराजवळच्या टेबलावर, नावनोंदणीच्या वहीशेजारी ठेवते. पेन बांधून ठेवलंय. मागून वाढप्यांची खूण येतेय, भात निवतोय म्हणून. मी थांबते.