मुशीला काटा का नसतो?

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



मागे नववीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले, "सर, घरी मुशीचे कालवण असले की अम्मी धाकट्या भावाला निर्धास्तपणे खाऊ घालते. मुशीला काटा का नसतो?" मी उत्तर दिले, "मुशी हा फार जुना, मागासलेला मासा आहे. तिच्या पूर्वजांना हाडे नव्हतीच." मुलगी खाली बसली. माझे उत्तर घाईचे होते, हे मला पुढे वाचनातून कळले. ते दुरुस्त करण्यासाठी आज मी उभा आहे.

मुशी आणि पाकट यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. आपल्या कानाचा वरचा भाग वाकतो, तो त्यातील कूर्चेमुळेच. पण मुशीचे दात पाहा, किती कठीण! मग हाडच का नाही?

प्रत्येक प्राण्याच्या पेशीत डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक लेख असतो. त्याला जनुकसंच म्हणतात. माणसाचा जनुकसंच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. २०१४ साली सिंगापूरचे शास्त्रज्ञ बायरप्पा वेंकटेश व त्यांचे सहकारी यांनी एलिफंट शार्क या माशाचा जनुकसंच प्रसिद्ध केला. तो सुमारे १०० कोटी अक्षरांचा आहे. हा मासा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडील समुद्रातला, मुशी-पाकटांचा चुलत भाऊ. त्यांचे व आपले पूर्वज सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. असे असूनही, तोवर अभ्यासलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांत याच माशाचा जनुकसंच सर्वांत सावकाश बदललेला आढळला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हाड घडताना कॅल्शियमशी बांधली जाणारी काही प्रथिने लागतात. ती तयार करणाऱ्या जनुकांचा एक गटच या माशात नव्हता. शास्त्रज्ञ तेथेच थांबले नाहीत. त्यांनी झेब्राफिश या हाडे असलेल्या छोट्या माशात त्या गटातील एका जनुकाचे कार्य रोखून पाहिले, तेव्हा हाडांची वाढ घटली. आपल्या हाडांचे एक रहस्य हाडे नसलेल्या माशाने उलगडले!

म्हणजे माझे उत्तर बरोबर होते काय? थांबा. २०२० साली मंगोलियातील सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या एका माशाच्या कवटीच्या जीवाश्माचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुशी आणि हाडांचे मासे यांच्या समान पूर्वजाच्या जवळचा हा मासा. आणि त्याच्या कवटीत आतून घडलेले हाड सापडले! त्यावरून असे दिसते की, मुशीच्या पूर्वजांना हाड असावे आणि पुढे ते नाहीसे झाले असावे. वहीत एखादे पान नसेल, तर ते मुळात नव्हते की कोणी फाडले, हे नुसत्या वहीवरून कळत नाही. त्यासाठी दुसरा पुरावा लागतो.

पाकटाचेही तसेच. त्याचे कल्ले पंखासारखे डोक्यापर्यंत पसरलेले असतात. २०२३ साली पाकटाच्या जातीतील एका माशाच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जनुकसंचाच्या मांडणीतील बदलांमुळे काही जुनीच जनुके कल्ल्याच्या पुढच्या भागात नव्याने कामाला लागली, असे त्यात दिसून आले. तेव्हा मुशी किंवा पाकट 'मागासलेले' नव्हेत. तेही आपल्याइतकीच वर्षे वाटचाल करीत आले आहेत. त्यांची वाट तेवढी वेगळी.

पालकहो, मूल प्रश्न विचारते तेव्हा आपण घाईत असतो. उत्तर ठाऊक नसेल तर "शोधू या" म्हणावे. त्यात कमीपणा नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, शिक्षकाच्या उत्तराने समाधान झाले नाही तर खाली बसू नका, पुन्हा विचारा. ती मुलगी त्या दिवशी खाली बसली, याची खंत मला आजही आहे.