आधी माझी तपासणी व्हायला हवी होती

मी मूळचा सांगलीचा, नऊ वर्षं बेंगळुरूच्या इंदिरानगरात राहतो. मेट्रो स्टेशनजवळ चहाचं एक छोटं दुकान आहे, इथे त्याला 'कॉन्डिमेंट्स' म्हणतात. तिथे चहा आणि सिगारेट, दिवसाला दहा-बारा तरी व्हायच्याच.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं. दोन वर्षं बायकोच्याच तपासण्या चालल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे. आईचा फोन यायचा, "सूनबाईला चांगल्या डॉक्टरकडे दाखवलंस ना?" मी "हो" म्हणायचो आणि खाली जाऊन सिगारेट पेटवायचो. शेवटी बायकोच म्हणाली, "आता तुझी तपासणी कधी?"

वीर्यतपासणी ही यातली सर्वांत सोपी तपासणी. सुई नाही, भूल नाही. माझे शुक्राणू निघाले मिलिलिटरला 90 लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेतली खालची मर्यादा आहे 1 कोटी 60 लाख. हालचालही मंद होती.

मी डॉक्टरांना म्हणालो, "माझे काका विड्या ओढायचे, त्यांना पाच मुलं आहेत." ते म्हणाले, "सिगारेटनं प्रत्येकाला वंध्यत्व येतं असं नाही. पण धुरातल्या कॅडमियमसारख्या विषांमुळे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटू शकते, आतल्या डीएनएला इजा होऊ शकते. तुमच्या बाबतीत तेच एक कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या हातात असलेलं कारण तेच आहे."

मग त्यांनी हिशेब सांगितला. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, पुढच्या प्रवासाला आणखी काही दिवस. म्हणजे आज सिगारेट सोडली, तर फरक दिसायला तीन महिने. आठवड्यात निकाल मागू नका.

पाकिटावर छापलेल्या 1800-11-2356 या मोफत नंबरवर मी फोन केला. त्या सेवेचं एक केंद्र इथेच, निम्हान्समध्ये आहे. दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा टिकलो. तीन महिन्यांनी आकडा आला 1 कोटी 80 लाख.

मूल अजून नाही, उपचार चालू आहेत. पण त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. म्हटलं, "आई, कमी माझ्या रिपोर्टमध्ये होती. सूनबाईला आता काही विचारू नकोस." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिला फोन दे."

मंडळी, मूल दोघांचं असतं, तर तपासणीही दोघांची एकाच वेळी करा. हे मी दोन वर्षं उशिरा शिकलो.