रिकामी खाट म्हणजे उधळपट्टी नव्हे
(पनवेल येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पनवेलचा नकाशा उघडला की तातडीच्या रुग्णसेवेचा प्रश्न आपोआप समोर येतो. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळच कळंबोलीला सुरू होतो, गोव्याचा महामार्ग पळस्प्याहून फुटतो आणि न्हावा-शेवा बंदराची मालवाहतूकही याच परिसरातून होते. अपघात झाला की १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे. परंतु रस्त्यावर वाचविलेली मिनिटे रुग्णालयाच्या दारात गमवावी लागली, तर त्या धावपळीचा उपयोग काय?

दारातील गर्दीचे मूळ पुष्कळदा आतल्या कक्षात असते. शंभर खाटांच्या रुग्णालयात रुग्ण सरासरी पाच दिवस राहिला, तर रोज वीस नवे रुग्ण घेता येतात. चार दिवस राहिला, तर पंचवीस. तो पाचवा दिवस अनेकदा उपचारात जातच नाही. तपासणीचा अहवाल आलेला नसतो, घरी सोडण्याच्या कागदावर सही व्हायची असते. येथे शिस्त हवीच. दारातही हवी. आधी येईल त्याला आधी, हा रेशनच्या रांगेतला न्याय अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत अन्याय ठरतो.

पण एवढ्यावरून 'कारभार सुधारा, पैसा मागू नका' असे म्हणणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. अहवाल देणाऱ्या तंत्रज्ञाची जागाच रिकामी असेल, तर वेळापत्रक काय करणार? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हे योग्यच झाले. मात्र दार रुंद करून आतली माणसे तेवढीच ठेवली, तर रांगच लांबते.

अपघात सरासरी पाहून होत नाहीत. म्हणून काही खाटा राखीव, रिकाम्या असाव्याच लागतात. आगीचा बंब उभा आहे म्हणून त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. मग रिकाम्या खाटेलाच का म्हणावे?

पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले. त्याची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग असून पैशाची चणचण ही सबब चालणार नाही, असा निर्णय न्यायालयाने १९९६ साली दिला.

हा हक्क कागदावरून दारापर्यंत आणणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. रुग्ण आला केव्हा, डॉक्टरांनी पाहिला केव्हा, खाट मिळाली केव्हा, या तीन वेळांचा मासिक गोषवारा आणि त्याशेजारी रिक्त पदांची संख्या रुग्णालयाच्या भिंतीवर लागली पाहिजे. ही मागणी रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवावी आणि दरमहा तो फलक वाचावयास जावे. ज्या विलंबाची नोंदच होत नाही, त्याचा जाब कोणालाही द्यावा लागत नाही.