नेम चुकलेला बाण

आपल्या भाषेंत ‘रामबाण’ असा एक शब्द आहे. एखादें औषध हमखास गुण देणारें असलें कीं त्याला आपण रामबाण म्हणतों. हा शब्द वापरतांना धनुष्याची आठवण कोणाला होत नाहीं; पण बाणाविषयींची जी कल्पना लहानपणापासून आपल्या मनांत रुजलेली असते, ती त्या एका शब्दांत पुरी उतरली आहे. कथेंतला बाण चुकत नाहीं. तो सुटला कीं लागलाच म्हणून समजावें. आज मी ज्या बाणाविषयीं बोलणार आहें तो या कुळांतला नव्हे. तो हौशी माणसाचा बाण आहे, आणि तो बहुधा चुकतो. तरीही तिरंदाजीचा छंद ज्याला एकदां जडला, त्याला हा चुकणारा बाणच अधिक सुख देतो, असा माझा अनुभव आहे.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. देवळांतल्या कीर्तनांत सीतास्वयंवराचें आख्यान ऐकलें आणि दुसऱ्याच दिवशीं वेळूची कामटी वांकवून, तिला सुतळी बांधून मीं धनुष्य तयार केलें. बाण म्हणजे खराट्याच्या काड्या. त्यांतली एक काडी धाकट्या बहिणीच्या भुंवईला चाटून गेली. वडिलांनीं एक शब्दही न बोलतां तें धनुष्य गुडघ्यावर मोडलें आणि बंबांत घातलें. मग शांतपणें विचारलें, ‘‘याचा उपयोग काय, सांग पाहूं?’’ मला उत्तर देतां आलें नाहीं. धनुष्य मोडण्यांत त्यांचें कांहींच चुकलें नव्हतें, हें मला आज पुरतें पटतें. परंतु तो प्रश्न मात्र मनांत तसाच राहिला. त्याचें उत्तर मिळावयास चाळीस वर्षें लागलीं, आणि तें मिळालें तें इंग्लंडांत, ऐन हिवाळ्यांत.

कामानिमित्त मी एक हिवाळा यॉर्कशायर परगण्यांत होतों. दिवस लहान, दुपारीं चारच्या सुमारास काळोख पडे. संध्याकाळ काढावयाची ती पुस्तकांवर. अशाच एका संध्याकाळीं रॉजर ॲस्कम या ग्रंथकाराचें ‘टॉक्सोफिलस’ हें पुस्तक माझ्या हातीं आलें. ॲस्कम हा मूळचा यॉर्कशायरचाच. केंब्रिज येथें तो ग्रीक भाषा शिकवीत असे, आणि पुढें १५४८ सालीं तो राजकन्या एलिझाबेथ हिचा शिक्षक झाला. १५४५ मध्यें प्रसिद्ध झालेलें त्याचें हें पुस्तक तिरंदाजीवरील पहिलें इंग्रजी पुस्तक मानतात. विद्वानानें लॅटिनमध्यें लिहावें अशी त्या काळची रीत. पण ज्यांच्या हातीं धनुष्य आहे त्यांना वाचतां यावें म्हणून त्यानें तें मुद्दाम लोकभाषेंत लिहिलें. आठवा हेन्री राजा तें पाहून प्रसन्न झाला, आणि त्यानें ग्रंथकाराला सालिना दहा पौंडांची नेमणूक करून दिली.

पुस्तक संवादरूप आहे. एक विद्याप्रेमी आणि एक धनुष्यप्रेमी असे दोघे मित्र बोलत आहेत. विद्याप्रेमी पहिल्यानेंच शंका काढतो ती अशी, कीं अभ्यासी माणसानें पुस्तकें टाकून बाण मारीत हिंडावें, हें शोभतें काय? श्रोतेहो, तो प्रश्न वाचतांना माझे वडीलच मला समोर दिसूं लागले. ॲस्कमचें उत्तर सरळ आहे. एकसारखें वाचीत बसल्यानें बुद्धि बोथट होते. तिला शरीराच्या प्रामाणिक श्रमाची जोड हवी. त्याच्या आधीं दोन हजार वर्षें हेरॉडोटस या ग्रीक इतिहासकारानें अमासिस नांवाच्या मिसरी राजाची गोष्ट लिहून ठेविली आहे. राजा सकाळीं कामकाज पाही आणि मग मित्रांबरोबर हास्यविनोदांत रमे. हें राजपदाला शोभत नाहीं असें कोणी म्हणतांच त्यानें सांगितलें, कीं धनुष्य सदैव चढवून ठेवलें तर तें मोडेल आणि ऐन वेळीं कामाला येणार नाहीं. तिरंदाज आजही तेंच करतो. काम झालें कीं लांकडी धनुष्याची दोरी तो पहिल्यानें उतरवितो.

पण या पुस्तकांतला जो भाग वाचून मी खुर्चींतून उठलों, तो वेगळाच. एकदां ॲस्कम यॉर्कशायरांतील टॉपक्लिफ आणि बरोब्रिज या गांवांमधील रस्त्यानें घोड्यावरून जात होता. बर्फ पडलें होतें; दिवसां उन्हानें तें वरवर वितळे आणि रात्रीं गोठून त्याचें कवच बने. त्या कवचावरून भुरभुरीत हिमकण वाऱ्याबरोबर धांवत होते. वारा एरवीं डोळ्यांना दिसत नाहीं. त्या सकाळीं तो दिसला. त्याचा एखादा पट्टा वेगानें जात होता आणि त्याच्या शेजारचा पट्टा अगदीं स्तब्ध होता. कधीं दोन ओघ बरोबर चालत, पण एक संथ, एक जलद. कधीं वारा मध्येंच फिरे, गिरकी घेई, आणि पुन्हां कांहींच नाहीं. तें पाहून वाऱ्याचें पुरें ज्ञान झालें असें तो म्हणत नाहीं. तो म्हणतो तें इतकेंच, कीं मला नवल वाटलें. आणि अशा वाऱ्यांत माणसांचे बाण चुकतात यांत मात्र कांहींच नवल नाहीं, हें पटलें.

पुढच्या रविवारीं सकाळीं मी गांवाबाहेरच्या एका कुरणांत गेलों. तेथें हौशी तिरंदाजांचें एक लहानसें मंडळ जमत असे. साठी उलटलेल्या एका बाईंनीं मला हाताशीं धरलें. त्यांनीं प्रथम शिकविलें तें बाण मारणें नव्हे, तर थांबणें. सर्वांचे बाण सुटून संपल्यावांचून कोणीही रेषेपुढें पाऊल टाकावयाचें नाहीं. आणि पुढें कोणी असेल तर बाण दोरीला लावावयाचा देखील नाहीं. बहिणीची भुंवई आठवून मीं तो नियम मुकाट्यानें मान्य केला.

मग ॲस्कमनें सांगितलेलीं तींच पांच अंगें: उभें राहणें, बाण दोरीला लावणें, ओढणें, क्षणभर धरणें आणि सोडणें. ऐकावयास किती सोपीं! थंडींत यांतलें प्रत्येक अंग दावा साधल्यासारखें वागतें. बोटें बधिर झालीं कीं दोरी केव्हां निसटली तें कळत नाहीं. जाड कोटाची बाही दोरीच्या वाटेंत येते, म्हणून मनगटावर चामड्याचा पट्टा घट्ट बांधावा लागतो. कडक गारठ्यांत लांकूड ठिसूळ होतें. तेव्हां धनुष्य एकदम पूर्ण न ओढतां प्रथम थोडें थोडें ओढून त्याला जागें करावें लागतें. बाणाला तीन पिसें असतात आणि त्यांतलें एक निराळ्या रंगाचें; कुडकुडणाऱ्या माणसाच्या हातून नेमकें तेंच उलट्या बाजूला लागतें.

आणि बाण तरी सरळ कोठें जातो? साध्या लांकडी धनुष्यांत काठीची जाडी बाणाच्या वाटेंत येते. सुटतांना दोरीच्या धक्क्यानें बाण वांकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मासोळीसारखा लवलवत पुढें जाऊन मग स्थिर होतो. बाण फार ताठ असला तर एका बाजूला जातो, फार लवचिक असला तर दुसऱ्या बाजूला. म्हणजे धनुष्याला साजेसा बाण निवडण्यापासूनच कौशल्याला आरंभ होतो.

पहिल्या दिवशीं माझ्या चोवीस बाणांपैकीं तीन लक्ष्याला लागले. बाकीचे बर्फांत. बर्फांत आडवा शिरलेला बाण शोधणें हें एक स्वतंत्र शास्त्रच आहे. वर दिसते ती केवळ एक बारीक चीर. सगळे मिळून वांकून ती चीर शोधतात, कोणी कोणाला हंसत नाहीं, कारण पुढची पाळी आपलीच असते. त्या शोधांत माझ्या ध्यानांत एक गोष्ट आली. लागलेल्या बाणाकडे मी एकदां पाहीं आणि विसरून जाईं. चुकलेला बाण मात्र बोलत असे. डावीकडे खालीं गेला, तर सोडतांना हात पडला. सगळेच उजवीकडे गेले, तर वाऱ्याचा विचार केला नव्हता. माझ्या व्यवसायांत चूक झाली कीं ती झांकावी लागे, तिचें समर्थन करावें लागे. येथें ती बर्फांत उघडी पडलेली असे, आणि तिची लाज कोणालाच वाटत नसे. पन्नाशीच्या घरांत आलेल्या माणसाला पुन्हां नवशिका होतां येणें, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

इंग्लंडांत धनुष्याचा हा प्रवास विलक्षण आहे. १३६३ सालीं तिसऱ्या एडवर्ड राजानें सुटीच्या दिवशीं लोकांनीं तिरंदाजीचा सराव करावा अशी आज्ञा काढली होती. तो खेळ नव्हता, लष्कराची गरज होती. १५९५ मध्यें तेथील सरकारनें नागरी पलटणींत धनुष्याच्या जागीं बंदुका आणल्या. उपयोग संपला, पण धनुष्य संपलें नाहीं. १७८१ सालीं सर ॲश्टन लीव्हर यांनीं हौशी तिरंदाजांची एक संस्था स्थापन केली आणि तिला नांव दिलें तें ॲस्कमच्या पुस्तकाच्या नांवावरून. थोड्याच वर्षांत स्त्रियाही या खेळांत उतरल्या. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या तिरंदाजींत पहिल्या आल्या त्या क्वीनी न्यूऑल. त्या वेळीं त्यांचें वय ५३ वर्षांचें होतें, आणि विंबल्डनचें विजेतेपद पांच वेळां मिळविणाऱ्या लॉटी डॉड यांना त्यांनीं मागें टाकलें. जी वस्तु एके काळीं राजाज्ञेनें हातीं घ्यावी लागे, ती लोकांनीं आपखुषीनें हातीं ठेविली.

आतां कथा-कादंबऱ्यांकडे वळूं. हा छंद लागल्यावर त्यांची गोडी कमी होईल असें मला वाटलें होतें. रॉबिन हूडच्या जुन्या पोवाड्यांत बहुधा सदैव वसंत-ग्रीष्म असतो, रान हिरवेंगार असतें, कोणाचीं बोटें गारठत नाहींत. एका बाणानें दुसरा बाण उभा चिरण्याचा तो प्रसिद्ध प्रकारही लांकूड जाणणाऱ्याला खटकतो. कारण लांकडाच्या शिरा टोंकापासून टोंकापर्यंत क्वचितच सरळ जातात, त्यामुळें चीर मध्येंच बाजूला निघते. पण गोडी कमी झाली नाहीं, उलट वाढली. सर वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ मीं विद्यार्थिदशेंत वाचली होती. त्यांतल्या ॲश्बी येथील सामन्यांत लॉक्सलेनें ह्यूबर्टचा बाण चिरला, एवढेंच माझ्या लक्षांत होतें. आतां पुन्हां वाचली तेव्हां त्याच्या आधींचें एक साधें वाक्य दिसलें: तुम्हीं वाऱ्याचा हिशेब धरला नाहीं, असें लॉक्सले प्रतिस्पर्ध्याला सांगतो. विद्यार्थी असतांना मीं तें वाक्य ओलांडून गेलों होतों. आतां मला तोच त्या प्रसंगाचा प्राण वाटतो. बाण चिरणें ही कादंबरीकाराची कल्पना. वारा ओळखणें ही तिरंदाजाची विद्या.

होमरच्या ‘ओडिसी’चेंही तसेंच. वीस वर्षांनीं घरीं परतलेल्या ओडिसियसचें धनुष्य चढविण्यास त्याच्या बायकोचे मागणीदार धडपडतात. त्यांच्यांतले कांहीं तें विस्तवावर शेकतात, त्याला चरबी चोळतात, तरी दोरी चढत नाहीं. मग ओडिसियस तें हातीं घेतो आणि प्रथम उलटसुलट फिरवून पाहतो, कीं मालकाच्या मागें त्याच्या शिंगांना कीड तर लागली नाहीं ना. कुरणांतल्या बाई दर रविवारीं नेमकें हेंच करीत. बाराही कुऱ्हाडींमधून गेलेल्या बाणापेक्षां हें न्याहाळणें मला अधिक खरें वाटतें.

आणि आपला अर्जुन? द्रोणाचार्य शिष्यांना झाडावरचा पक्षी दाखवून विचारतात, तुला काय दिसतें? कोणाला झाड दिसतें, कोणाला भाऊ, कोणाला गुरु. अर्जुनाला पक्ष्याचें डोकें तेवढें दिसतें. आपण ही नेमबाजीची गोष्ट म्हणून सांगतों. पण गुरु परीक्षा घेतात ती बाण सुटण्यापूर्वीं, नजरेची घेतात. बाण लागणें ही नंतरची गोष्ट.

श्रोतेहो, मी कांहीं अर्जुन झालों नाहीं. तो हिवाळा संपेपर्यंत चोवीसांपैकीं दहा-बारा बाण लागूं लागले, यापुढें माझी मजल गेली नाहीं. घरांत मुलें धनुष्याचा हट्ट धरतील, तर माझें सांगणें इतकेंच, कीं त्यांना काडीकामट्यांवर सोडूं नका आणि धनुष्य मोडूंही नका. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं, मोकळ्या मैदानांत, पहिल्यानें थांबावयास शिकवा.

वडील आज नाहींत. असते तर त्यांच्या प्रश्नाला मीं आतां असें उत्तर दिलें असतें: बाबा, याचा उपयोग कांहीं नाहीं. पण जेथें उपयोगाचा प्रश्न नसतो, तेथें माणूस आपली चूक न भितां पाहूं शकतो. आणि ती पाहण्याची संवय एकदां लागली, कीं मग ती उपयोगाच्या कामांतही त्याच्याबरोबर येते. हें ऐकून ते हंसले असते कीं नाहीं, तें सांगवत नाहीं. पण धनुष्य त्यांनीं एकदां हातीं घेऊन पाहिलें असतें, असें मला वाटतें.