चोर पकडल्यानंतर हक्क किती उरतो?



मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पण चोऱ्यांमुळे मोहल्ल्यातल्या मुलांनी रात्रीची गस्त सुरू केली आणि ग्रुपवर ‘सापडला तर सोडायचा नाही, कायदा आपल्या बाजूने आहे’ असा मेसेज फिरला, तेव्हा कायदा उघडून वाचला. तो आपल्या बाजूने आहे, पण एवढा नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ४१ पाहा. जुन्या दंड संहितेत हेच १०३ होते. आपली किंवा दुसऱ्याची मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा नाही, अशा वेळा मोजक्याच: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहते घर किंवा माल ठेवायची जागा आगीने वा स्फोटकाने उद्ध्वस्त करणे. साधी चोरी, नासधूस किंवा घरात घुसणे असेल, तर प्रतिकार न केल्यास जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती हवी. उभी मोटारसायकल कोणी ढकलत नेत असेल तर अडवा, झटापट करा. जीव घेता येत नाही.

आगीचा मुद्दा मात्र लक्षात ठेवा. जमाव गोदाम पेटवायला आला तर मालकाने हात जोडून उभे राहावे, असे कायदा म्हणत नाही. कायदा पाळणाऱ्याने भेकडासारखे वागावे अशी अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग खटल्यात २०१० मध्ये सांगितले आहे. हा हक्क आपल्यालाही आहे.

पण या सगळ्यावर कलम ३७ बसले आहे. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा कधीच नाही. प्रोग्राममधल्या लूपची अट दर फेरीला तपासली जाते, तसे हे आहे. प्रत्येक फटक्याआधी विचारायचे: धोका अजून आहे का? माणूस खांबाला बांधला की उत्तर ‘नाही’ येते. बचाव करताना सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेली, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरण्याची सवलत आहे. पण आधी ठरवून केलेले नसेल तरच. आपल्या ग्रुपवर ते लेखी पडले आहे!

२०१९ मध्ये झारखंडच्या सरायकेला-खरसावां जिल्ह्यात मोटारसायकल चोरीच्या संशयावरून एका मुस्लिम तरुणाला खांबाला बांधून मारले. काही दिवसांनी तो गेला. २०२३ मध्ये दहा जणांना १० वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. आपल्या गस्तीत सापडेल तोही कोणाचा तरी पोरगाच असेल.

गस्त बंद करू नका. शिट्टी, टॉर्च ठेवा, ११२ लावा. डोळ्यांदेखत चोरी करताना पकडलाच, तर त्याला बसवा, पाणी द्या आणि लगेच पोलिसांच्या ताब्यात द्या. कायद्याने त्यासाठी जास्तीत जास्त सहा तास दिले आहेत.