केस गळत नाहीत, मग जातात कुठे?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांसमोर केलेले भाषण)



बँकेत हयात घालवलेल्या माणसाने कुत्र्याच्या केसांवर बोलावं, याचं काहींना हसू येईल. पण आपल्या लिफ्टमध्ये अलीकडे कुरळ्या केसांची, खेळण्यातल्या अस्वलासारखी कुत्री दिसू लागली आहेत. लॅब्रॅडॉर आणि पूडल यांच्या संकरातून झालेला तो लॅब्राडूडल, कॉकर स्पॅनियल आणि पूडलचा तो कॉकापू, गोल्डन रिट्रीव्हरचा तो गोल्डनडूडल. त्यातला एक आमच्या घरी आहे. मुलगा-सून नोकरीला जातात, म्हणून त्याला विंचरायचं काम चार वर्षं माझ्याकडे आहे. त्या अनुभवावर आणि डॉक्टरांना विचारून, वाचून जे कळलं त्यावर बोलतो.

ही कुत्री विकताना एक वाक्य हमखास ऐकवतात, "याचे केस गळत नाहीत." हे वाक्य अर्धंच खरं आहे.

प्रत्येक केस काही काळ वाढतो, थांबतो आणि गळतो. लॅब्रॅडॉरचा केस आखूड. तो लवकर गळतो आणि सतरंजीवर, सोफ्यावर दिसतो. पूडलचा केस पुष्कळ दिवस वाढत राहतो आणि गळला तरी शेजारच्या कुरळ्या केसांतच अडकतो. जमीन स्वच्छ दिसते, पण गळलेला केस कुत्र्याच्या अंगावरच असतो. विंचरून काढला नाही तर त्याचा गुंता होतो, गुंत्याची जट होते. थकलेल्या हप्त्यावर व्याज चढावं तसं हे वाढत जातं. म्हणजे काम कमी झालेलं नाही. झाडूचं काम फणीकडे आलं आहे.

आपल्याला ओळखीचं उदाहरण म्हणजे धनगरांची मेंढरं. दख्खनी मेंढीची लोकर वाढतच जाते, म्हणून ती वर्षातून साधारण दोनदा कातरतात. पूडलचं तसंच आहे. याउलट आपल्या मातीतली कारवानी कुत्री बघा. लातूर जिल्ह्यातलं चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव त्यांच्यासाठी ओळखलं जातं. अंगाला चिकटलेले आखूड केस, ओल्या फडक्याने पुसलं तरी भागतं. आपल्या हवेला कोणतं कुत्रं सोयीचं, याचा विचार घेण्याआधी व्हावा.

दुसरी गोष्ट, संकराची खात्री देता येत नाही. केसांची लांबी, कुरळेपणा आणि मिशा-भुवया हे मुख्यतः तीन जनुकांवर ठरतं, असं २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. कोणत्या पिल्लाला कोणता वाटा येईल ते सांगता येत नाही. एकाच वेतातलं एक पिल्लू पूडलवर जातं, दुसरं लॅब्रॅडॉरवर, आणि ते दुसरं घरभर केस गाळतं.

लॅब्राडूडलची गोष्टच पाहा. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ होते. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण त्यांच्या पतीला कुत्र्याची ॲलर्जी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॉनरन यांनी हा संकर करून पाहिला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ तपासणीसाठी पाठवली, तर त्या पतीला तिघांतलं एकच चाललं! पुढे या संकराचा जो बाजार झाला, त्याबद्दल कॉनरन यांनी स्वतःच खेद व्यक्त केला.

कारण ॲलर्जी प्रामुख्याने केसांची नसते. ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ साली लॅब्राडूडल, पूडल वगैरेंचे केस तपासले, तर ते प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी आढळलं नाही.

याचा फटका आमच्या नात्यातल्या एका घराला लातूरला बसला. मुलीला दमा. "दम्याच्या मुलांना हा चालतो," असं सांगून विक्रेत्याने पिल्लू दिलं. महिन्याभरात तिचा पंप वाढवावा लागला. मग पिल्लू गच्चीवर बांधलं. मुलीच्या काळजीत त्याला विंचरायला कुणाला सवड झाली नाही. पावसाळा संपता संपता त्याला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा जटा कातडीपासून भादराव्या लागल्या. खाली जखमा आणि गोचीड निघाले. मुलगी रडली, कारण तिला ते पिल्लू जीव की प्राण होतं. शेवटी ते दुसऱ्या घरी द्यावं लागलं. म्हणून घरात दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि त्याच कुत्र्याजवळ मुलाला वेगवेगळ्या दिवशी काही तास बसवून पाहा.

ज्यांच्या घरी असं कुत्रं आलंच आहे, त्यांच्यासाठी हे:

शक्यतो रोज, नाहीतर दिवसाआड विंचरा. बारीक तारांचा ब्रश आणि स्टीलचा कंगवा, एवढं पुरतं. वरवर फिरवू नका. भांग पाडल्यासारखे केस बाजूला करून मुळापासून विंचरा. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, जांघेत, शेपटीच्या बुंध्याशी गुंता आधी होतो. सहा महिने ते वर्षाच्या वयात पिल्लाचे केस बदलतात, तेव्हा जास्त जपा.

अंघोळ विंचरल्यानंतर. गुंता ओला झाला की आणखी घट्ट बसतो. शाम्पू कुत्र्यांचाच वापरा आणि अंग मुळापर्यंत कोरडं करा. श्रावणात गोदावरीकाठच्या दमट हवेत ओले केस राहिले की खाज सुटते, वास येतो.

जट कात्रीने कापू नका. कातडी तिच्यात ओढली गेलेली असते, आणि चिमटभर कातडी केव्हा कापली गेली ते कळत नाही. ते काम जाणकाराकडून मशीनने करून घ्या. दर सहा ते आठ आठवड्यांनी केस कापावेत. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा केस आखूड ठेवा. पण अगदी भादरू नका, कातडी उन्हाने भाजते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत वाळतं. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत कुसळं बघा. ती आत शिरत जातात. तेव्हाच गोचीडही शोधा, कारण दाट केसांत ते लपतात आणि तापाचे आजार देतात. चकत्या पडून केस जात असतील, तर घरगुती उपाय नकोत. तो बुरशीचा आजारही असू शकतो, आणि तो माणसांनाही होतो. अवघड दुखणं असेल, तर परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

शेवटी सोसायटीपुरतं. कुत्रा पाळायला सोसायटीने बंदी घालू नये, असं भारतीय पशुकल्याण मंडळाचं सांगणं आहे. पण आपणही शेजाऱ्याचा विचार करू. गॅलरीत उभं राहून विंचरू नका, ते केस खालच्यांच्या वाळवणावर जातात. विंचरलेले केस पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, बेसिनमध्ये नको. रेबीजची लस वेळेवर द्या.

आणि ज्यांच्या मनात असं पिल्लू आणायचं आहे, त्यांना माझं आमंत्रण. रविवारी सकाळी दहाला आमच्याकडे या. चहा मिळेल, आणि हातात फणीही मिळेल. अर्धा तास विंचरून पाहा. एवढं काम दहा-बारा वर्षं आनंदाने कराल असं वाटलं, तरच पिल्लू आणा.