कोयत्याला काय लावावे?
(मंडळीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवरील कुटुंबांसाठी आपण कोयते, विळे, कुदळी, फावडी देत आला आहात. ही अवजारे पावसात गंजू नयेत म्हणून त्यांना काय लावावे, असे आपल्यापैकी अनेक जण विचारतात. कोणी रंग सुचवतो, कोणी ग्रीस, कोणी गॅरेजमधले काळे ऑइल. आज या उपायांची तुलना आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. सरपण तोडणे, कुंपण घालणे, भाताच्या राबासाठी फांद्या छाटणे, बांबू चिरणे ही सगळी कामे घरातल्या एकाच कोयत्यावर होतात. गंजून धार गेली की माणूस जास्त जोर लावतो, कोयता घसरतो आणि हातापायावर बसतो. नवा घ्यायचा म्हटला तर दिवसभराची मजुरी त्यातच जाते.

आधी गंज का चढतो ते पाहू. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. प्रत्यक्ष पाणी पडायलाच हवे असे नाही. हवेतील आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघडे पोलाद हळूहळू गंजू लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा याहून कितीतरी दमट असते. मीठ असले की वेग वाढतो. ते समुद्राच्या वाऱ्यात असते, तसे हाताच्या घामातही असते. शिवाय गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात राहतो. म्हणून आधी गंज काढायचा, अवजार पूर्ण कोरडे करायचे आणि मगच लेप लावायचा. गंजावर किंवा ओलीवर लावलेला लेप ओल आतच कोंडून ठेवतो.

स्टेनलेसचेच कोयते का देऊ नयेत, असेही विचारले जाते. स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असते, त्यामुळे ते सहज गंजत नाही. पण गावचा लोहार ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद भात्यावर तापवतो, ठोकतो, त्याला पाणी पाजतो, आणि धार गेली की पुन्हा काढून देतो. स्टेनलेसची अशी दुरुस्ती त्याच्या भट्टीत सहसा जमत नाही. दुरुस्त होणारे अवजार गरिबाला जास्त उपयोगी पडते.

आता एकेक लेप पाहू.

ऑइलपेंट : आधी रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग दिला, तर लोखंडी फाटक वर्षानुवर्षे टिकते. पण धारेला रंग देता येत नाही; कानशीने घासताच तो निघतो. पात्यावर ओरखडा पडला की पाणी रंगाखाली शिरते आणि आतला गंज दिसतही नाही. रंग द्यावा तो फावड्याच्या किंवा कुदळीच्या दांड्याजवळच्या भागाला.

जस्ताचा मुलामा : घमेल्याला तो उत्तम. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. पण प्रत्येक वेळी धार काढताना मुलामाही जातो, म्हणून तो कोयत्याच्या उपयोगाचा नाही.

वापरलेले इंजिन ऑइल : फुकट मिळते म्हणून लोक लावतात. त्यात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये असतात आणि ती कातडीतून अंगात जाऊ शकतात. ज्या विळ्याने भाजी कापतात, त्याला तर ते मुळीच लावू नये. शिलाई मशीनचे स्वच्छ तेल चालते, पण ते पातळ असल्याने पावसात फार दिवस टिकत नाही.

खाण्याचे तेल : शेंगदाण्याचे किंवा मोहाच्या बियांचे तेल घरात असते. अगदी पातळ हात दिला तर रोजच्या विळ्याला पुरे. जाड थर मात्र चिकट होतो, खवट वास मारतो आणि धूळ धरतो. त्या मानाने खोबरेल उशिरा खवट होते.

जवसाचे तेल : हे हवेत सुकून कडक पापुद्रा धरते, म्हणून ते लाकडी दांड्यालाही चांगले. मात्र एक धोका लक्षात ठेवा. या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. गवती छपराच्या घरात हे सांगितल्याशिवाय ते तेल देऊ नये.

ग्रीस आणि पेट्रोलियम जेली : थर जाड बसतो, ओल आत जात नाही. महिनोन्‌महिने ठेवायच्या अवजाराला याच्यासारखे दुसरे नाही. पण हाताला बुळबुळीत लागते, त्यामुळे वापरण्यापूर्वी पुसून काढावे लागते.

मेण आणि तेल : एक भाग मधमाशांचे मेण आणि तीन भाग खोबरेल. मेण साधारण 62 ते 65 अंशांना वितळते. म्हणून गरम पाण्याच्या भांड्यात डबी ठेवून ते वितळवावे, थेट जाळावर नाही. हा मलम तेलासारखा ओघळत नाही, खाण्याच्या वस्तूला लागला तरी अपाय नाही, आणि दांड्यालाही चालतो. कामाने धारेवरचा थर जातो, पण संध्याकाळी फडक्याचा एक हात दिला की पुन्हा बसतो.

माझे मत या शेवटच्या उपायाकडे झुकते. कोयत्याला सर्वांत टिकाऊ लेप शोधण्यात अर्थ नाही, कारण काम करताना प्रत्येक लेप झिजणारच. घरातल्या कोणालाही, पैसे न मोजता, रोज पुन्हा लावता येईल तो लेप खरा. मध काढणाऱ्या पाड्यांवर मेण मिळते, ते विकत आणावे लागत नाही.

दिवाळीनंतर मात्र गोष्ट बदलते. अनेक कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोवर विळे-कुदळी बंद घरात पडून असतात. त्यांना निघण्यापूर्वी ग्रीस किंवा मेणाचा जाड थर द्यावा. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवू नये, ते ओल धरते.

जागेचेही महत्त्व आहे. एका पाड्यावरच्या आजी विळा चुलीवरच्या माळ्याला अडकवतात. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “दादा, कुडात खोचला तर सकाळी तांबडा होतो. इथं नाय होत.” चुलीच्या उबेने तिथली हवा कोरडी राहते. हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून आहे. आपण त्याला डबीभर मलमाची जोड द्यायची.

आणखी एक सांगतो. धनुर्वात गंजामुळे होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो. कोयता कितीही चकचकीत असला तरी शेतात जखम झाली तर ती धुवावी आणि इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्रात जावे.

तेव्हा माझी विनंती अशी : पुढच्या वेळी अवजार द्याल तेव्हा त्याबरोबर एक कानस, एक सुती फडके आणि मेणाच्या मलमाची एक डबी द्या. वाटप मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी ठेवू. शक्य असेल त्यांनी सोबत यावे. मलम कसा करायचा ते तिथल्या बायकांबरोबर बसून करून पाहू. आपण दिलेला कोयता मग एका पावसापुरता न राहता अनेक वर्षे कामाला येईल.